अमेरिकी विद्यापीठांतील प्रवेश आणि महाराष्ट्रातील विद्यार्थी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील काही विद्यापीठे व महाविद्यालये आलेल्या अर्जांपैकी अगदी थोड्याच अर्जदारांना प्रवेश देतात. हार्वर्डसारख्या विद्यापीठात पदवी अभ्यासक्रमासाठी अर्ज करणाऱ्या शंभरांपैकी सुमारे चारांनाच प्रवेश मिळतो. अशा संस्थांकडे महाराष्ट्रातून अर्ज करण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. प्रस्तुत लेखात या परंपरेचा इतिहास, आजची प्रवेशप्रक्रिया व आर्थिक साहाय्याची व्यवस्था यांची माहिती दिली असून, नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने या प्रक्रियेचे स्वरूप कसे दिसते याचा विशेष विचार केला आहे.

इतिहास

आनंदीबाई गोपाळराव जोशी (१८६५–१८८७) यांचे उदाहरण या परंपरेच्या आरंभी येते. त्यांचे पती गोपाळराव हे टपाल खात्यात नोकरीस होते. त्यांनी १८८० साली रॉयल वाइल्डर या अमेरिकी मिशनऱ्याला लिहिलेले पत्र तेथील एका धर्मविषयक नियतकालिकात छापले गेले. न्यू जर्सीतील रोझेल येथे राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात ते आले आणि दोन्ही कुटुंबांत पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघाल्या व जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांनी प्रवेशासाठी जे पत्र लिहिले ते आजच्या अर्जदारानेही अभ्यासावे असे आहे. प्रवेशाच्या सर्व अटी आपण पूर्ण करू शकत नाही हे त्यांनी त्यात आडपडदा न ठेवता मान्य केले आणि हिंदुस्थानातील स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांची गरज का आहे ते सांगून आपला अर्ज अपवाद म्हणून विचारात घ्यावा अशी विनंती केली. अधिष्ठाता रेचल बॉडली यांच्या महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. ही पदवी मिळाली व त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. स्वदेशी परतल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्यापूर्वी, आनंदीबाईंचे क्षयाने निधन झाले.

महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे संपादक श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी कॉर्नेल विद्यापीठात शिक्षण घेऊन १९११ साली पीएच.डी. मिळवली. भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ तेथील अभ्यासातूनच निर्माण झाला. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे १९२९ साली हार्वर्डचे पदवीधर झाले. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे व बौद्ध वाङ्मयाचे अभ्यासक असून त्या विषयाच्या कामासाठी हार्वर्डला जात असत. दामोदरांना अमेरिकेचा मार्ग त्यामुळे लहानपणीच खुला झाला.

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्यासाठी असा कोणताही घरगुती मार्ग उपलब्ध नव्हता. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर केली. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्याच्या बदल्यात करावा लागला. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिग्मन व तत्त्वज्ञ जॉन ड्युई हे त्यांचे अध्यापक होते. १९१५ साली त्यांनी एम.ए. पूर्ण केले आणि ९ मे १९१६ रोजी एका चर्चासत्रात भारतातील जातींच्या उत्पत्तीवरील निबंध वाचला. शिष्यवृत्तीची मुदत संपत आल्याने पुढील शिक्षण खंडित झाले. पीएच.डी. प्रत्यक्ष मिळण्यास १९२७ साल उजाडले. १९५२ मध्ये त्याच विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

आनंदीबाई व आंबेडकर या दोन्ही उदाहरणांत गुणवत्तेइतकाच एका त्रयस्थ व्यक्तीचा आधार निर्णायक ठरला, ही बाब चरित्रकारांकडून काहीशी दुर्लक्षित राहते. कार्पेंटरबाई नसत्या किंवा सयाजीराव नसते, तर गुणवत्ता होती तेथेच राहिली असती.

स्वातंत्र्यानंतर, विशेषतः अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर, महाराष्ट्रातून जाणाऱ्यांत पदव्युत्तर अभियांत्रिकी व विज्ञान शाखांचे विद्यार्थी प्रामुख्याने दिसू लागले. २०२३-२४ या वर्षी अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी शिकत होते आणि त्यांतील निम्म्याहून अधिक पदव्युत्तर अभ्यासक्रमांत होते. बारावीनंतर थेट पदवीसाठी जाणारे प्रामुख्याने मोठ्या शहरांतील सुस्थित कुटुंबांतील असतात.

प्रवेशप्रक्रिया

भारतातील प्रवेश बहुतांशी एका परीक्षेच्या गुणांवर ठरतात. निवडक अमेरिकी विद्यापीठे मात्र अर्जदाराचे समग्र मूल्यमापन करतात. नववी ते बारावी या चार वर्षांची गुणपत्रके, अध्यापकांची शिफारसपत्रे, शाळेच्या समुपदेशकाचा अहवाल, अर्जदाराने स्वतः लिहिलेला निबंध व शाळेबाहेरील कार्याचा तपशील यांचा त्यात समावेश होतो. १९७५ साली सुरू झालेल्या ‘कॉमन ॲप्लिकेशन’ या सामाईक अर्जामुळे अनेक महाविद्यालयांकडे एकच मुख्य अर्ज पाठवता येतो. त्यातील निबंधाची कमाल मर्यादा ६५० शब्दांची असून कार्यतालिकेत दहा नोंदींना जागा असते. परिस्थितीने गरीब अर्जदाराला अर्जशुल्क माफ करून घेता येते. कोरोना साथीच्या काळात ऐच्छिक केलेली सॅट किंवा एसीटी परीक्षा एम.आय.टी.ने २०२२ मध्ये व त्यानंतर हार्वर्ड, डार्टमथ, ब्राउन आदींनी पुन्हा आवश्यक केली. इंग्रजीच्या ज्ञानासाठी टोफेल, आयईएलटीएस किंवा तत्सम परीक्षेचे गुण मागितले जातात.

लवकरच्या फेरीची मुदत सामान्यतः १ नोव्हेंबरला व नियमित फेरीची जानेवारीच्या आरंभी संपते. निर्णय मार्चअखेर कळतो आणि १ मेपर्यंत विद्यार्थ्याला होकार कळवावा लागतो. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीचा निकाल सामान्यतः मे महिन्यात लागतो. म्हणजे निर्णय बोर्डाच्या निकालाआधीच झालेला असतो आणि तो नववी-दहावी-अकरावीच्या गुणांवर व शाळेने दिलेल्या अंदाजित गुणांवर आधारलेला असतो. अकरावीकडे ‘विश्रांतीचे वर्ष’ म्हणून पाहण्याची आपल्याकडील प्रथा येथे फार महागात पडते.

शिफारसपत्र हा मराठी शाळांना सर्वांत अपरिचित भाग आहे. शाळेतून मिळणारा बोनाफाईड दाखला किंवा वर्तणुकीचा दाखला छापील साच्यात असतो. विद्यार्थी नियमित, आज्ञाधारक व सुशील आहे एवढेच त्यात नमूद असते. अमेरिकी परीक्षकाला अशा मजकुरातून काहीही बोध होत नाही. विद्यार्थ्याने वर्गात कोणता प्रश्न विचारला, कोणते गणित वेगळ्या रीतीने सोडवले, कोणत्या चुकीतून तो सावरला, असा प्रत्यक्ष तपशील तेथे अपेक्षित असतो. असे पत्र लिहिण्यासाठी शिक्षकाला विद्यार्थी खरोखर ठाऊक असावा लागतो, आणि साठ-सत्तर विद्यार्थ्यांच्या वर्गात ते सोपे नसते. समुपदेशक हे पद बहुतेक अनुदानित शाळांत अस्तित्वातच नसल्यामुळे तो अहवाल मुख्याध्यापकांनी भरावयाचा असतो.

नंदुरबार जिल्ह्यातील स्थिती

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून नंदुरबार जिल्हा निर्माण झाला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या १६,४८,२९५ लोकसंख्येपैकी सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. साक्षरतेचे प्रमाण सुमारे ६४ टक्के म्हणजे राज्यात सर्वांत कमी होते. भिल्ल, पावरा, कोकणा, मावची या येथील प्रमुख जमाती होत. सातपुड्यातील अक्राणी व अक्कलकुवा हे तालुके सर्वाधिक दुर्गम आहेत. घरी भिली किंवा पावरी, बाजारात अहिराणी वा गुजराती, आश्रमशाळेत मराठी अशा क्रमाने येथील मुलाची वाटचाल होते. इंग्रजी त्याची तिसरी किंवा चौथी भाषा ठरते. ही बाब अर्जात उणीव म्हणून लपवण्याचे कारण नाही. तीन-चार भाषांत व्यवहार करणारा अर्जदार परीक्षकांना क्वचितच भेटतो.

कार्यतालिकेबाबतही असाच गैरसमज आढळतो. वादविवाद मंडळ, पोहणे, संगीताच्या परीक्षा नसल्यास ती जागा कोरी सोडली जाते. वास्तविक सामाईक अर्जात कौटुंबिक जबाबदाऱ्या व अर्थार्जन यांसाठी स्वतंत्र प्रकार दिलेले आहेत. धाकट्या भावंडांचा सांभाळ, गुरे राखणे, सुट्टीतील शेतमजुरी, आईवडिलांसाठी कार्यालयांतील कागदपत्रे वाचून देणे ही सर्व कामे आठवड्याच्या तासांसह तेथे नोंदवता येतात.

कागदपत्रांची जुळवाजुळव ही मोठी अडचण होय. देशातील पहिले आधार कार्ड २०१० साली याच जिल्ह्यातील, शहादा तालुक्यातील टेंभली येथे देण्यात आले. तरीही शाळा सोडल्याचा दाखला, आधार व पारपत्र यांतील नावे जुळतीलच असे नाही. दाखल्यावर आडनाव आधी असते, काही ठिकाणी आडनावाऐवजी जमातीचे नाव लागलेले असते. जन्माची नोंद नसलेल्या मुलांची जन्मतारीख शाळेत सोयीने १ जून लिहिण्याची पद्धत ग्रामीण महाराष्ट्रात दीर्घकाळ होती, आणि नंतर काढलेल्या जन्मदाखल्याशी ती विसंगत ठरते. दहावीपर्यंतच्या आश्रमशाळेतून दुसऱ्या गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात गेलेल्या विद्यार्थ्याला चार वर्षांची गुणपत्रके दोन संस्थांतून मिळवावी लागतात.

वेळापत्रकही प्रतिकूल असते. दिवाळीनंतर जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी व अन्य मजुरीसाठी गुजरातेत आणि राज्यातील साखरपट्ट्यात स्थलांतर करतात. नोव्हेंबर ते जानेवारी याच काळात आर्थिक साहाय्याच्या अर्जावर पालकांची माहिती, उत्पन्नाचे पुरावे व सही हवी असते. म्हणून तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा किंवा वनहक्क पट्ट्याची प्रत आणि पालकांचे सही केलेले निवेदन ही कागदपत्रे दसऱ्यापूर्वीच तयार ठेवणे इष्ट ठरते. प्राप्तिकर विवरणपत्र भरले जात नसल्यास तसे लेखी कळवता येते. त्यामुळे अर्ज बाद होत नाही.

आर्थिक साहाय्य

निवडक खासगी विद्यापीठात पदवीच्या एका वर्षाचा एकूण खर्च ८० हजार डॉलरांच्या पुढे गेला आहे. एवढी रक्कम ऐकूनच बहुतेक पालक विषय सोडून देतात. वस्तुतः हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एम.आय.टी. व ॲमहर्स्ट या संस्था परदेशी अर्जदाराच्याही बाबतीत प्रवेशाचा निर्णय घेताना त्याची ऐपत पाहत नाहीत, आणि प्रवेश दिल्यावर कुटुंबाच्या ऐपतीपलीकडचा सर्व खर्च उचलतात. २०२२ पासून डार्टमथ व बोडन यांनीही हेच धोरण स्वीकारले. अत्यल्प उत्पन्नाच्या कुटुंबाला तेथे जवळजवळ काहीच भरावे लागत नाही. इतर बहुसंख्य संस्थांत मात्र साहाय्य मागणाऱ्या परदेशी अर्जदाराची निवड होण्याची शक्यता त्या मागणीमुळेच घटते. हा भेद न समजता वीस ठिकाणी अर्ज करण्यापेक्षा तो समजून सहा ठिकाणी अर्ज करणे अधिक शहाणपणाचे होय.

सरकारी शिष्यवृत्त्या मुख्यतः पदव्युत्तर व संशोधन स्तरासाठी आहेत. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती दरवर्षी संपूर्ण देशातून २० विद्यार्थ्यांना दिली जाते. त्यांतील ३ जागा विशेष असुरक्षित आदिवासी समूहांसाठी राखीव असतात. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम व माडिया गोंड हे असे समूह आहेत. नंदुरबारचे भिल्ल व पावरा विद्यार्थी उरलेल्या १७ जागांसाठी देशभरातील अर्जदारांशी स्पर्धा करतात. राज्याच्या आदिवासी विकास विभागाचीही परदेश शिष्यवृत्ती योजना असून जिल्ह्यात नंदुरबार व तळोदा येथे विभागाची प्रकल्प कार्यालये आहेत. अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने, तर ‘सारथी’ संस्थेमार्फत सयाजीराव गायकवाडांच्या नावाने अशाच योजना चालतात. या योजनांचे निकष शासन निर्णयांद्वारे बदलत असल्याने त्या वर्षीची जाहिरात पाहणे आवश्यक असते.

शैक्षणिक कर्जाचा पर्याय आदिवासी कुटुंबाला सहज उपलब्ध नसतो. मोठ्या कर्जासाठी बँक तारण मागते. वनहक्क कायदा, २००६ नुसार मिळालेली जमीन वारसाहक्काने पुढे जाते, परंतु ती विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. आदिवासींच्या अन्य जमिनींच्या हस्तांतरणावरही महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे निर्बंध आहेत. आदिवासींची जमीन आदिवासींकडेच राहावी हा या तरतुदींचा हेतू रास्तच आहे, मात्र त्यामुळे ती जमीन बँकेच्या दृष्टीने तारण म्हणून निरुपयोगी ठरते.

व्हिसा

प्रवेश निश्चित झाल्यावर विद्यापीठ ‘आय-२०’ हा दस्तऐवज पाठवते. त्यानंतर ३५० डॉलरांचे सेव्हिस शुल्क भरून एफ-१ व्हिसासाठी अर्ज करावा लागतो. महाराष्ट्रातील अर्जदारांची मुलाखत मुंबईतील अमेरिकी वाणिज्य दूतावासात होते. शिक्षणानंतर मायदेशी परतण्याचा आपला इरादा अर्जदाराने अधिकाऱ्याला पटवून द्यावयाचा असतो, आणि नकार मिळाल्यास भरलेले शुल्क परत मिळत नाही. २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकी परराष्ट्र खात्याने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणे थांबवले. जूनमध्ये ते काम पुन्हा सुरू झाले, तेव्हा अर्जदारांनी आपली समाजमाध्यमांवरील खाती तपासणीसाठी सार्वजनिक ठेवावीत अशी अट घालण्यात आली. संपूर्ण शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्यालाही व्हिसाचे शुल्क, मुंबईचा प्रवास व बहुधा विमानभाडे यांची तजवीज आधी करावी लागते. काही विद्यापीठे प्रवासखर्चही देतात, परंतु तो मागावा लागतो.