ग्रीक अक्षरांचं घर

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलामुलींचे आईबाप अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारतात. मुलगी पहिल्या वर्षाला जाते, फोनवर सांगते, 'आई, मी रश करतेय.' पाठोपाठ दोनतीन ग्रीक अक्षरांचं एक नाव आणि एका सत्राची भलीमोठी वर्गणी येते. हे मंडळ आहे, क्लब आहे, वसतिगृह आहे की आणखी काही, ते इकडे उलगडत नाही. आज आपण त्या प्रश्नाकडे इतिहासाच्या वाटेनं जाणार आहोत. आत शिरणाऱ्याच्या वाट्याला काय येतं, ते या मंडळांच्या माहितीपत्रकात थोडंच असतं. बाकीचं अडीचशे वर्षांत साचत गेलेलं आहे.

आधी शब्द. फ्रॅटर्निटी हे मुलांचं मंडळ, सोरॉरिटी हे मुलींचं. लॅटिनमधला 'फ्रातेर' म्हणजे भाऊ, 'सोरोर' म्हणजे बहीण. संस्कृतातले भ्राता आणि स्वसा हे त्यांचेच नातलग. तेव्हा नाव तरी आपल्याला परकं नाही.

सुरुवात ५ डिसेंबर १७७६ ची. अमेरिकेनं स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढून पाच महिने झालेले. व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी 'फाय बीटा कप्पा' नावाची सभा काढली. 'तत्त्वज्ञान हा जीवनाचा वाटाड्या' अशा अर्थाच्या ग्रीक ब्रीदाची ती आद्याक्षरं. शपथ होती, हस्तांदोलनाची गुप्त खूण होती, पदक होतं. आणि एवढं सगळं कशासाठी? तर वादविवाद करण्यासाठी, निबंध वाचण्यासाठी! वर्गात पाठांतर आणि गुरुजींचा धाक. मनातलं बोलायचं तर दार लावूनच बोलायला हवं. गुप्ततेमागचं पहिलं कारण हे असं होतं, आणि आम्हाला ते मानाचं वाटतं. १७८१ मध्ये ब्रिटिश फौजा जवळ आल्या तशी मूळ सभा बंद पडली. पण तोवर हार्वर्ड आणि येलला शाखा काढायची सनद देऊन झाली होती, म्हणून ती टिकली. पुढे १८२६ नंतर फ्रीमेसन मंडळींविरुद्ध, एकूणच गुप्त सभांविरुद्ध, मोठी ओरड उठली आणि १८३१ च्या सुमारास या सभेनं गुपितं सोडून दिली. आज ती हुशार विद्यार्थ्यांना मिळणारा एक सन्मान आहे. तिथे रश नाही, घर नाही, पार्टीही नाही.

आज आपण ज्याला फ्रॅटर्निटी म्हणतो तिचं मूळ दुसरीकडे आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या स्कनेक्टडी गावच्या युनियन कॉलेजात १८२५ साली 'कप्पा अल्फा सोसायटी' निघाली आणि १८२७ साली आणखी दोन. इथे वादविवाद मागे पडला, सोबत पुढे आली. कॉलेजच्या प्रमुखांना हे रुचणारं नव्हतं. प्रिन्स्टननं तर १८५५ च्या सुमारास विद्यार्थ्यांकडून लिहूनच घ्यायला सुरुवात केली की आम्ही गुप्त सभेत जाणार नाही. तरी ही मंडळं का वाढली? आमच्या मते मोठं कारण अगदी साधं आहे, राहायच्या खोल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विद्यार्थी वाढले, कॉलेजांकडे वसतिगृहं पुरेनात. मंडळांनी माजी सभासदांच्या पैशातून स्वतःची घरं बांधली. कॉलेजचा खर्च वाचला आणि विरोध मावळला. पण त्याबरोबर त्या घरात रात्री काय चालतं हे पाहण्याचा हक्कही हळूहळू सुटत गेला. हा सौदा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुलींची गोष्ट थोडी वेगळी. जॉर्जियातल्या मेकन गावी मुलींच्या कॉलेजात १८५१ आणि १८५२ साली दोन सभा निघाल्या. पुढे मुलांच्या कॉलेजांत मुलींना प्रवेश मिळू लागला, तेव्हा वर्गात चारदोन मुली आणि भोवती नापसंतीच्या नजरा अशी स्थिती होती. अशात एकमेकींना धरून राहण्यासाठी १८७० साली इंडियाना आणि इलिनॉयमध्ये मंडळं उभी राहिली. तोवर त्यांनाही फ्रॅटर्निटीच म्हणत. पुढे सिरॅक्यूजच्या लॅटिनच्या एका प्राध्यापकांना ते खटकलं आणि त्यांनी 'सोरॉरिटी' हा शब्द सुचवला. भाषेचे मास्तर सगळीकडे सारखेच!

आता आत शिरण्याची रीत. रश म्हणजे निवडीचा आठवडा. मुलांकडे तो बराच सैल असतो: घरी या, जेवा, गप्पा मारा. मुलींकडे मात्र काटेकोर. पहिल्या दिवशी एका घरातून दुसऱ्या घरात, प्रत्येक ठिकाणी थोडा वेळ बोलणं, हसरा चेहरा, ठरवून घातलेले कपडे. रोज संध्याकाळी दोन्हीकडून पसंतीक्रम लागतो, आणि दुसऱ्या दिवशी बोलावणाऱ्या घरांची संख्या घटते. अलाबामा विद्यापीठात ऑगस्टमध्ये दोन हजारांहून अधिक मुली यातून जातात. २०२१ पासून त्यांचे व्हिडिओ टिकटॉकवर जगभर पाहिले गेले. कांदेपोह्यांचा कार्यक्रम आठवला ना? फरक इतकाच की इथे पाहणाऱ्या शंभरएक जणी असतात आणि नकाराचं कारण कोणी सांगत नाही. आई किंवा बहीण त्याच मंडळाची असेल तर तिला 'लेगसी' म्हणतात. तो वशिला आता बराच कमी झाला आहे.

शेवटी हाती येतं ते निमंत्रण, म्हणजे 'बिड'. ते स्वीकारलं की काही आठवडे उमेदवारी. या काळात मंडळाचा इतिहास पाठ करायचा, सभांना हजर राहायचं, गुणांची किमान पातळी राखायची. एक वरच्या वर्गातली 'बिग', म्हणजे मोठी बहीण, नेमून दिली जाते. मग बंद दाराआडचा दीक्षाविधी. त्यानंतर सभासदत्व जन्मभराचं. वर्गणी दर सत्राला, घरात राहायचं तर भाडं आणि खानावळ वेगळी. बदल्यात मिळतं ते खोटं नाही: अनोळखी गावात जेवणाचं टेबल, आजारपणात विचारणारं कोणीतरी, पुढे नोकरीच्या वेळी ओळखीचा माजी सभासद. घरापासून हजारो मैल दूर असलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला याचं मोल किती वाटतं, ते इकडे बसून आपण कमी लेखू नये.

धोका असतो तो त्या उमेदवारीच्या आठवड्यांत. त्याला तिकडे 'हेझिंग' म्हणतात. आपण चटकन म्हणतो, म्हणजे रॅगिंगच की! तसं नाही. रॅगिंग नव्या मुलावर येऊन आदळतं, त्यानं काही मागितलेलं नसतं. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ सालचा कायदा आहे. हेझिंगमध्ये मुलगा स्वतःहून दारात उभा असतो. त्याला आत यायचं असतं, आणि छळ ही त्या प्रवेशाची किंमत म्हणून सांगितली जाते. म्हणून तो तक्रार करत नाही, उलट झाकतो, आणि पुढच्या वर्षी तीच किंमत दुसऱ्याकडून वसूल करतो.

१८७३ च्या ऑक्टोबरात कॉर्नेल विद्यापीठात कप्पा अल्फाच्या एका नव्या उमेदवाराला रात्री गावाबाहेर नेलं. अंधारात तो दरीच्या कड्यावरून पडला आणि गेला. यादवी युद्धातल्या एका सेनापतीचा तो मुलगा होता, त्यामुळे गाजावाजा झाला. न्यूयॉर्क राज्यानं हेझिंगविरुद्ध कायदा केला तो १८९४ साली. आता फेब्रुवारी २०१७ मध्ये या. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात, बिड स्वीकारण्याच्या रात्री, एकोणीस वर्षांच्या मुलाला थोड्या वेळात भरपूर दारू पाजली गेली. तो जिन्यावरून पडला. मदतीसाठी फोन झाला तो सुमारे बारा तासांनी, आणि दोन दिवसांनी तो वारला. नियमाप्रमाणे त्या घरात दारूला बंदी होती! घरातल्या कॅमेऱ्यांनी सगळं टिपलं नसतं, तर आणखी एक 'अपघात' म्हणून ते मिटलं असतं असं आम्हाला वाटतं. घराचा तो जुना सौदा इथे आठवा. १७७६ मध्ये विचार मोकळे राहावेत म्हणून लावलेलं दार इथे फोन लांबवण्याच्या कामी आलं.

दाराची आणखी एक बाजू आहे: आत कोणाला घ्यायचं नाही. कित्येक मंडळांच्या नियमांतच गोऱ्या ख्रिश्चनांखेरीज कोणाला घ्यायचं नाही, असं कलम असे. १९४८ साली ॲमहर्स्ट कॉलेजच्या एका शाखेनं कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला घेतलं, तर राष्ट्रीय मंडळानं त्या शाखेलाच बाहेर काढलं. अलाबामातल्या गोऱ्या सोरॉरिटींची कोंडी तर २०१३ मध्ये विद्यार्थ्यांच्याच वर्तमानपत्रानं उघडकीला आणली, तेव्हा कुठे फुटली.

ज्यांना दार बंद, त्यांनी आपली घरं बांधली. त्याच कॉर्नेलमध्ये १९०६ साली सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी 'अल्फा फाय अल्फा' काढली. आदल्या वर्षीचे त्यांच्यातले काही विद्यार्थी परत आलेच नव्हते, म्हणून एकमेकांना अभ्यासात धरून ठेवणं हा मूळ हेतू. मार्टिन ल्यूथर किंग पुढे हिचे सभासद झाले. हॉवर्ड विद्यापीठात १९०८ साली निघालेल्या 'अल्फा कप्पा अल्फा'त कमला हॅरिस होत्या. १९१३ साली तिथेच निघालेल्या 'डेल्टा सिग्मा थीटा'च्या मुली त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या स्त्री-मताधिकार मोर्चात चालल्या. पण छळापासून ही घरंही सुटली नाहीत, हे सांगायला हवं. १९९० मध्ये या मंडळांनी उमेदवारीची पद्धतच रद्द केली. ती भूमिगत झाली.

आपल्या मुलांच्या वाट्याला येणारी घरं याच ओळीतली. १९९४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅमटनमध्ये 'आयोटा न्यू डेल्टा' निघाली, १९९८ साली टेक्ससमध्ये मुलींची 'कप्पा फाय गामा'. दोन्ही दक्षिण आशियाई विद्यार्थ्यांनी काढलेल्या. इथे दिवाळी साजरी होते, भांगडा होतो, मराठी मुलगी गुजराती 'बिग'च्या हाताखाली येते. आपली माणसं आहेत म्हणून आईबाप निर्धास्त होतात. उमेदवारीचे आठवडे तिथेही असतात, आणि काही दक्षिण आशियाई मंडळांच्या शाखाही हेझिंगपायी बंद कराव्या लागल्या आहेत.

२०२४ च्या डिसेंबरात अमेरिकेत एक केंद्रीय कायदा झाला. हेझिंगच्या घटना आता कॉलेजांना मोजाव्या लागतात, आणि कोणत्या मंडळाला दोषी ठरवलं हे जाहीर करावं लागतं. ही माहिती कॉलेजच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. तेव्हा फोनवर पुढच्या वेळी ते ग्रीक नाव कानावर आलं की स्पेलिंग विचारून घ्या आणि वर्गणी पाठवण्याआधी त्या यादीत शोधा.