दारातील मांजरवाट : जालना परिसरातील घर, धान्य आणि मार्जार

घराच्या दाराच्या तळाशी एक लहान चौकोनी भोक पाडावयाचे, त्यावर वरच्या कडेला टांगलेली हलकी झडप बसवावयाची, आणि मांजराने ती डोक्याने ढकलून हवे तेव्हा आत-बाहेर करावयाचे, ही योजना युरोपातील घरांत जुनी आहे. मराठी वाचकाला मात्र ती परकी वाटते. परकेपणाचे हे कारण साधे नाही. मराठी घराने शतकानुशतके धान्य साठविले, उंदरांचा उपद्रव सोसला आणि मांजरही बाळगले. असे असता त्याच्या दारात मांजरासाठी वाट का आढळत नाही, हा प्रश्न गृहरचनेच्या इतिहासात विचारण्याजोगा आहे. जालना जिल्हा आणि त्याच्या लगतचा वऱ्हाड-मराठवाड्याचा प्रदेश डोळ्यांपुढे ठेवून ह्या प्रश्नाचा विचार येथे केला आहे.

प्रथम भाषेची साक्ष पाहावी. वाड्याच्या थोरल्या दरवाज्यात माणसापुरते जे लहान दार असते त्याला दिंडी दरवाजा म्हणतात. दिव्यासाठी भिंतीत देवळी असते, वस्तूंसाठी कोनाडा असतो, सांडपाण्यासाठी मोरी असते, उजेड-वाऱ्यासाठी झरोका असतो. घराच्या भिंतीतील व दारातील जवळजवळ प्रत्येक पोकळीला मराठीने नाव दिले आहे. मांजराच्या वाटेला मात्र रूढ नाव नाही. जी वस्तू नित्य वापरात असते तिला नाव पडतेच. तेव्हा नावाचा हा अभाव वस्तूच्या अभावाचे गमक मानावयास हरकत नाही. परंतु वस्तूचा अभाव म्हणजे गरजेचा अभाव नव्हे. ती गरज दुसऱ्या कोणत्या मार्गाने भागत होती, हे शोधणे हेच खरे काम आहे.

मांजर आणि मनुष्य यांचा संबंध धान्यातून जुळला, ह्याविषयी आज फारसा मतभेद उरलेला नाही. पश्चिम आशियात शेतीचा आरंभ झाल्यावर साठविलेल्या धान्यावर उंदीर आले आणि उंदरांमागून रानमांजर मनुष्यवस्तीत आले. सायप्रस बेटावर मनुष्याच्या शेजारी पुरलेले सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे मांजर सापडले आहे. सिंधू संस्कृतीच्या चन्हुदडो येथील उत्खननात मिळालेल्या एका विटेवर मांजराच्या आणि कुत्र्याच्या पावलांचे ठसे एकमेकांवर उमटलेले आहेत. ओल्या विटेवरून मांजर पळाले आणि त्याच्या पाठोपाठ कुत्रा गेला, असा अर्थ उत्खननकर्ते मॅके यांनी लावला. ते मांजर पाळीव होते की केवळ वस्तीभोवती वावरणारे होते, हे ठशांवरून ठरत नाही. परंतु विटा वाळत घातलेल्या अंगणापर्यंत त्याचा संचार होता एवढे निश्चित.

संस्कृत वाङ्मयात मांजराचे स्थान मुख्यतः उपयुक्ततेचे आहे. अमरकोशात मांजराच्या पर्यायांत ‘आखुभुक्’, म्हणजे उंदीर खाणारा, हा शब्द येतो. कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात दैवी आपत्तींच्या निवारणाचा विचार करताना उंदरांच्या भयाचाही समावेश केला आहे. अशा वेळी मांजरे आणि मुंगसे मोकळी सोडावीत, आणि ती पकडणाऱ्यास वा मारणाऱ्यास बारा पणांचा दंड करावा, असे तेथे सांगितले आहे. येथे मांजर एखाद्या घराची मालमत्ता नसून गावाच्या धान्याचे रक्षक मानले आहे, ही गोष्ट महत्त्वाची आहे. मनुस्मृतीतही मांजर आणि मुंगूस यांच्या हत्येचे प्रायश्चित्त एकत्रच सांगितले आहे. मांजर मारले तर सोन्याचे मांजर करून काशीस अर्पण करावे लागते, ही महाराष्ट्रातील लोकसमजूत त्याच विचाराचे घरगुती रूप होय. जे मांजर कोणा एकाचे नाही, त्यासाठी कोणा एकाच्या दारात भोक पाडण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

आता घराकडे वळावे. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी, तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद आणि परभणी जिल्ह्यातील परतूर हे तालुके मिळून अस्तित्वात आला. परंतु येथील वस्ती व व्यापार फार जुना आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. त्याचे नाव सांची व भारहूत येथील शिलालेखांत दात्यांच्या गावांत आढळते. पुढे जालना ही व्यापारी पेठ म्हणून नावारूपास आली आणि ‘जालना सोन्याचा पालना’ ही म्हण तिच्या भरभराटीची निदर्शक ठरली. अशा मुलखात ज्वारी-बाजरीची साठवण हा प्रत्येक घराचा प्रश्न होता. कणगी, बळद आणि पेव हे त्याचे तीन प्रमुख प्रकार. शेणामातीने लिंपलेली कणगी उंदीर कुरतडू शकतो. भिंतीतील बळदालाही तो पोखरून वाट करतो.

ह्या भागातील जुने घर माळवदाचे. दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि वर पांढऱ्या मातीचा थर, अशी त्याची रचना. खिडक्या थोड्या आणि लहान. दार जाड फळ्यांचे, उंबरठा उंच, आतून अडसर. वरवर पाहता हे घर अत्यंत बंदिस्त वाटते; परंतु ते माणसापुरते बंदिस्त होते. दिवसभर दार उघडे असे. माळवदात उजेडासाठी व धूर जाण्यासाठी छिद्र ठेवलेले असे. मोरीचे भोक गल्लीत उघडे. शेजारच्या घरांची माळवदे पुष्कळदा एकमेकांस लागून असत, आणि त्यांवरून वाळवणाच्या दिवसांत माणसेही वावरत. मांजराचा राजमार्ग हा असा डोक्यावरून जाणारा होता. दाराला अडसर पडला तरी त्याची वाट अडत नसे.

मात्र मांजराच्या संचाराला घर मुळीच आवर घालीत नव्हते असे समजू नये. मांजर उंदरांचा वैरी, तसेच दुधा-दह्याचा चोर. कणगीपाशी ते हवे आणि चुलीपाशी नको, हा पेच प्रत्येक स्वयंपाकघरात होता. तो पेच दाराने सोडविला नाही, शिंक्याने सोडविला. वाट मोकळी ठेवावयाची आणि दूध उंचावर टांगावयाचे, ही मराठी गृहिणीची युक्ती. ‘शिंके तुटले आणि बोक्याचे फावले’ ही म्हण ह्याच व्यवस्थेतून जन्मली. नियंत्रण प्राण्याच्या येण्याजाण्यावर नसून वस्तूच्या जागेवर होते.

युरोपातील स्थिती ह्याच्या उलट होती. तेथे थंडीमुळे दार सदैव लावून घेणे भाग होते. उघडे दार म्हणजे गेलेली ऊब. त्यामुळे मांजराची वाट दारातच कोरावी लागली. इंग्लंडमधील एक्झिटर येथील मोठ्या चर्चमध्ये खगोलीय घड्याळाखालील दारात असे गोल भोक आजही दिसते. १५९८ साली बिशप कॉटन यांच्या काळात ते पाडण्यासाठी सुतारांना आठ पेन्स दिल्याची नोंद आहे. घड्याळाच्या दोऱ्यांना चरबीचे वंगण असे, त्यामागे उंदीर येत, आणि त्यांच्यासाठी मांजर ठेवावे लागे, असा त्याचा खुलासा केला जातो. मांजरदाराचा शोध न्यूटनने लावला ही लोकप्रिय कथा मात्र टिकत नाही. तिचे लेखी रूप न्यूटनच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षांनी आढळते, आणि एक्झिटरचे भोक तर त्याच्या जन्माच्याही आधीचे आहे. सारांश, मांजरदार ही कोणा एका बुद्धिमंताची कल्पना नसून बंद दाराची अपरिहार्य निष्पत्ती होय.

मराठी प्रदेशात हा विषय घरगुती न राहता सार्वजनिक आरोग्याचा झाला तो प्लेगच्या काळात. १८९६ साली मुंबईत प्लेग प्रकटला आणि पुढील पंचवीस वर्षांत हिंदुस्थानात सुमारे एक कोटी माणसे त्याला बळी पडली. १८९७ साली पुण्यात सरकारी बंदोबस्ताने लोकांच्या घरांची दारे ओलांडली. त्यातून उसळलेल्या क्षोभाची परिणती रँड यांच्या वधात झाली. १८९८ साली सिमाँ यांनी आणि पुढे मुंबईत लिस्टन यांनी उंदरावरील पिसवा हा रोग पसरवितात हे दाखविले. त्यानंतर लक्ष माणसावरून उंदराकडे गेले.

ह्या संदर्भात जालन्याच्या पूर्वेकडील वऱ्हाडात घडलेली एक गोष्ट विशेष उल्लेखनीय आहे. अमरावती येथील सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्युकॅनन यांनी गावोगावची मांजरे मोजविली आणि ज्या गावांत घरांच्या मानाने मांजरे पुष्कळ, तेथे प्लेगचा शिरकाव होत नाही वा तो पसरत नाही, असे प्रतिपादन केले. १९०८ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी मांजर हे प्लेगनिवारक आहे असा लेख प्रसिद्ध केला. ह्या उपायाचा मोठा गुण असा की, त्यासाठी कोणाचेही दार फोडावे लागत नव्हते, कोणाचेही घर पाडावे लागत नव्हते. सरकारने पुण्यात दारातून जे बळाने साधू पाहिले, ते वऱ्हाडातील मांजर माळवदावरून आणि मोरीतून आपसूक करीत होते.

तथापि ब्युकॅनन यांचा निष्कर्ष जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. मांजरे अधिक असलेली गावे इतरही बाबतींत वेगळी असू शकतील; दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे त्यांत कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. शिवाय मांजराला स्वतःलाही प्लेग होतो आणि त्याच्यापासून माणसाला संसर्ग झाल्याची उदाहरणे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत नोंदली गेली आहेत. म्हणजे जे रक्षक तेच क्वचित वाहकही ठरते. इतिहासाच्या दृष्टीने ब्युकॅनन यांच्या गणनेचे मोल निराळे आहे : वऱ्हाडातील घरांत मांजरांचा संचार एवढा सहज होता की गावाच्या मांजरांची मोजणी करण्याची कल्पना एका वैद्यकीय अधिकाऱ्यास सुचली, ह्याची ती लेखी साक्ष आहे.

ह्या जुन्या घराला खरा धक्का बसला तो ३० सप्टेंबर १९९३ रोजी. किल्लारीच्या भूकंपात सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांतील पुष्कळ दगड-मातीच्या जाड भिंती व माळवदांचा भार अंगावर कोसळून मेली. पुढील वर्षी, ऑगस्ट १९९४ मध्ये, जालन्याच्या दक्षिणेस असलेल्या बीड जिल्ह्यातील मामला ह्या गावी प्लेगचे रुग्ण आढळले. भूकंपानंतर लोकांनी घरे सोडली, आतले धान्य तसेच राहिले आणि उंदीर वाढले, असा त्याचा एक खुलासा अभ्यासकांनी केला आहे. निदानाविषयी त्या वेळी वाद झाला. पुढे जनुकीय तपासणीने प्लेगच्या जंतूंचे अस्तित्व मान्य झाले. धान्य, उंदीर आणि ओस पडलेले घर यांचा संबंध किती जिवावरचा असू शकतो, हे ह्यावरून ध्यानात यावे.

माळवदाविषयी बसलेली भीती अकारण नव्हती, आणि त्याच्या जागी सिमेंट-काँक्रीटचे घर आले ही गोष्ट इष्टच झाली. ह्या स्थित्यंतरात जालन्याला एक वेगळेच स्थान आहे. बांधकामाच्या लोखंडी सळया तयार करणारे कारखाने तेथे मोठ्या संख्येने उभे राहिले. आणि १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी तेथेच स्थापन केलेल्या महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनीने हे शहर बियाण्यांचे केंद्र केले. एकीकडे घर बंद करणारे लोखंड आणि दुसरीकडे उंदरांपासून जपावयाचे बी, अशा दोन्ही वस्तू एकाच गावाने पुरवाव्यात, ही घटना बोलकी आहे.

नव्या घराला स्लॅब आला, त्याबरोबर माळवदाचे छिद्र गेले. मोरीला जाळी बसली, खिडकीला गज आणि जाळी आली, दार दिवसाही लागू लागले. उंदराची वाट अरुंद झाली, पण मांजराची वाट पूर्णच बंद झाली. उंदीर बोटभर फटीतून शिरतो. मांजराला त्याहून मोठी जागा लागते. तेव्हा बंदिस्त घरात उंदीर आत आणि मांजर बाहेर, अशी विपरीत स्थिती उद्भवू शकते. शिंक्याची जागा शीतकपाटाने घेतल्यामुळे दुधाची चिंता मिटली, परंतु ज्या मोकळ्या वाटेच्या आधारावर शिंके अर्थपूर्ण होते ती वाटच राहिली नाही.

झडपेचे मांजरदार आपल्याकडे येते ते ह्या टप्प्यावर. त्याची रचना पाहिली तर ते जुन्या व्यवस्थेचे नेमके उलट रूप आहे हे कळते. भोकाची खालची कड मांजराच्या पोटाच्या उंचीशी जुळवावी लागते. रुंदी त्याच्या खांद्यांपुरती. झडप स्वतःच्या भाराने वा चुंबकाने मिटावी लागते, म्हणजे साप, विंचू सहसा आत येत नाहीत. काही झडपा तर मांजराच्या कातडीखाली बसविलेली खूण ओळखून त्याच एका मांजराला आत घेतात. अर्थशास्त्रातील मांजर गावाचे होते. ही झडप ज्या मांजरासाठी उघडते ते एका घराचे, किंबहुना एका दाराचे असते.

म्हणून दारातील ह्या लहानशा भोकाकडे केवळ परदेशी सोय म्हणून पाहणे अपुरे ठरेल. जालना परिसरातील जुन्या घरात ते नव्हते, कारण ते सगळे घरच मांजराची वाट होते. नव्या घरात ते पाडावे लागते, कारण ती वाट भिंतीने, स्लॅबने आणि जाळीने गिळली. शिल्लक राहिलेली माळवदी घरे आता झपाट्याने पडत आहेत. त्यांच्या तुळयांची व कोरीव चौकटींची मोजमापे घेतली जातात. त्यांतील बळदे, मोऱ्या आणि छतातील छिद्रेही त्याच काळजीने नोंदली गेली, तरच माणूस, धान्य आणि मुके प्राणी एका छपराखाली कसे नांदत होते, हे पुढील अभ्यासकांस समजू शकेल.