फाटलेल्या स्वेटरचे काय?

सातवीत असताना वर्गातल्या एका मित्राशी माझी मारामारी झाली. त्याच्या आईने विणलेला स्वेटर माझ्या हातून फाटला. गुरुजींनी दोघांनाही चार-चार छड्या दिल्या, तासभर अंगठे धरून उभे केले. प्रकरण मिटले. पण आम्ही दहावीपर्यंत एकमेकांशी बोललो नाही आणि स्वेटरचे काय झाले, हे कुणी विचारलेच नाही.

हा प्रश्न विचारणारी शिस्त कुठून आली, हे शोधताना मी न्यूझीलंडच्या इतिहासापाशी पोचलो.

1867च्या कायद्याने तिथल्या मूळनिवासी माओरींच्या मुलांसाठी सरकारी शाळा निघाल्या. शिक्षण इंग्रजीत. पुढे शाळेत मातृभाषा बोलल्याबद्दल कित्येक मुलांनी मार खाल्ला. विसाव्या शतकात ही कुटुंबे शहरांत आली, तेव्हा ‘बिघडलेली’ ठरवून सुधारगृहात पाठवलेल्या मुलांत माओरींचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने फार मोठे होते.

1986 मध्ये जॉन रंगीहाऊ यांच्या समितीने सरकारला स्पष्ट सुनावले की, भेदभाव यंत्रणेतच मुरलेला आहे. मुलांचे निर्णय त्यांच्या आप्तांना सोबत घेऊन व्हावेत. 1989च्या कायद्याने कौटुंबिक बैठक आणली. चूक करणारे मूल, त्याचे नातलग, पोलीस आणि तयार असल्यास नुकसान झालेली व्यक्ती समोरासमोर बसतात. भरपाई कशी करायची, ते तिथे ठरते.

ही रीत शाळेत पोचायला वेळ लागला नाही. 1994 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये एका शाळेच्या नृत्याच्या कार्यक्रमानंतर मारहाण झाली, तेव्हा मार्गारेट थॉर्सबोर्न यांनी अशीच बैठक घेतली. न्यूझीलंडच्या शाळांतून 1990 मध्ये छडी कायद्याने गेली होती. पण मुलांना शाळेतून काढणे वाढले आणि त्यातही माओरी मुलेच अधिक भरडली गेली. मग दशकाच्या अखेरीस वायकाटो विद्यापीठातल्या अभ्यासकांनी काही शाळांत माओरींच्या ‘हुई’ या सभेच्या धर्तीवर प्रयोग केले. ‘कोणता नियम मोडला?’ याऐवजी ‘कुणाला त्रास झाला आणि तो कसा भरून काढायचा?’ असे विचारले जाऊ लागले. ज्यांना शाळेने ‘समस्या’ मानले, त्यांच्याच परंपरेकडून शाळेला शिकावे लागले.

मात्र भांडणानंतर एक बैठक घेऊन भागत नाही. वर्गात एरवीही मुले गोल बसून एकमेकांचे ऐकत असतील, तरच तुटल्यावर सांधायला काही नाते उरते. आमच्या मोहल्ल्यातही भांडण मिटवायला बुजुर्ग बसत. पण बहुतेक वेळा दुबळ्यालाच ‘जाऊ दे’ म्हणायला लावत. ती सुलह नव्हे. ज्याला लागले, त्याचे मनापासून ऐकले गेले पाहिजे.

आपल्याकडे 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींवर बंदी घातली. छडी खाली ठेवायला कायद्याने सांगितले. त्या हाताने पुढे काय करायचे, हे मात्र शाळांनाच शिकायचे आहे.

माझ्या हातावरचे वळ दोन दिवसांत गेले. मित्राच्या आईसमोर बसावे लागले असते, तर ते जास्त जड गेले असते. पण तो स्वेटर तिने किती रात्री जागून विणला होता, एवढे तरी मला कळले असते.