हेन्रिक, जोसेफ

(१९६८– ). अमेरिकन मानवशास्त्रज्ञ. अर्थशास्त्रातील प्रायोगिक खेळ विद्यापीठांच्या प्रयोगशाळांतून बाहेर काढून शिकारी, पशुपालक आणि फिरती शेती करणाऱ्या समाजांत नेणाऱ्या संशोधनाचे ते एक प्रणेते होत. नोटर डेम विद्यापीठातून १९९१ मध्ये त्यांनी मानवशास्त्र आणि विमान-अवकाश अभियांत्रिकी अशा दोन पदव्या घेतल्या. काही काळ अभियंता म्हणून नोकरी केल्यावर ते मानवशास्त्राकडे परतले आणि लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९९९ मध्ये पीएच.डी. झाले. रॉबर्ट बॉइड हे तेथील त्यांचे गुरू.

त्यांच्या कारकिर्दीला वळण मिळाले ते विद्यार्थिदशेतच, १९९५ च्या सुमारास पेरूच्या ॲमेझॉन खोऱ्यात. तेथील माचिगेंगा लोकांत त्यांनी ‘अल्टिमेटम गेम’ खेळवला. या खेळात एकाला ठरावीक रक्कम मिळते व तिचा काही वाटा तो दुसऱ्या अनोळखी खेळाडूला देऊ करतो. दुसऱ्याने तो स्वीकारला तर वाटणी होते. नाकारला तर दोघांनाही काहीच मिळत नाही. केवळ स्वार्थ पाहणारा माणूस मिळेल तेवढे घेईल. पण शहरी विद्यार्थी सहसा निम्म्याच्या आसपास देऊ करत आणि फार कमी वाटा रागाने नाकारत. ही न्यायबुद्धी मनुष्यमात्राची आहे, असे अनेक अभ्यासक धरून चालले होते. माचिगेंगांनी मात्र सरासरी २६ टक्केच देऊ केले, आणि समोरच्यांनी जवळपास प्रत्येक वेळी ते घेतले. आपल्यावर अन्याय झाला असे त्यांना वाटले नाही. आपल्या वाट्याला दुसऱ्या खेळाडूची जागा आली, हे नशीब, एवढेच. लॉस एंजेलिसमध्ये तुलनेसाठी खेळवलेल्या खेळात हीच सरासरी ४८ टक्के होती.

या प्रयोगावरील निबंध २००० मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त प्रसिद्ध झाला. पण एका जमातीवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे होते. म्हणून बॉइड, सॅम्युएल बोल्स, कॉलिन कॅमेरर, अर्न्स्ट फेर, हर्बर्ट गिंटिस आदींसह हेन्रिक यांनी १५ लहान समाजांत हा आणि असेच इतर खेळ खेळवण्याचा प्रकल्प उभारला. खेळ घेणारे क्षेत्र-अभ्यासक त्या त्या लोकांत पूर्वीपासून काम करत होते, आणि प्रकल्पाचे खरे बळ यातच आहे, कारण आकड्यांमागचे जगणे त्यांना ठाऊक होते. इंडोनेशियातील लामालेरा गावचे लोक मोठ्या गटाने देवमाशाची शिकार करतात व ती काटेकोर वाटून घेतात. त्यांची सरासरी निम्म्याच्याही वर गेली. पापुआ न्यू गिनीतील आउ व ग्नाउ लोकांनी तर निम्म्याहून मोठे वाटेही नाकारले, कारण तेथे भेटवस्तू स्वीकारली की परतफेडीचे ओझे येते. केनियातील ओर्मा पशुपालकांनी प्रत्येकाने सामाईक निधीत भर घालण्याच्या खेळाला आपणहून ‘हरांबी’ म्हटले. शाळा किंवा रस्त्यासाठी गावाने वर्गणी काढण्याची ही तेथील रीत. एकाही समाजात निव्वळ स्वार्थी वर्तन आढळले नाही. समाजासमाजांतील फरकाचा बराच भाग दोन गोष्टींनी उलगडला : बाजाराशी असलेला संबंध आणि उपजीविकेसाठी लागणारे परस्पर सहकार्य. व्यक्तीचे वय, लिंग वा संपत्ती यांचा मात्र फारसा उपयोग झाला नाही. हे काम ‘फाउंडेशन्स ऑफ ह्यूमन सोशॅलिटी’ (२००४) या ग्रंथात संकलित आहे. २०१० मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या पुढच्या टप्प्यात बाजाराशी संबंध, विकत घेतलेल्या अन्नाच्या प्रमाणावरून, अधिक नेमका मोजला गेला आणि जागतिक धर्मांशी असलेले नातेही तपासले गेले.

त्याच वर्षी ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील सहकारी स्टीव्हन हाइन व आरा नोरेन्झायान यांच्यासह त्यांनी एका निबंधात मानसशास्त्राच्या पायालाच हात घातला. पाश्चात्त्य, शिक्षित, औद्योगिक, श्रीमंत व लोकशाहीवादी समाजांतील नमुन्यांवरून साऱ्या मानवजातीविषयी विधाने केली जातात, आणि नेमके हेच लोक अनेक बाबतींत जगावेगळे ठरतात, असे त्यांनी दाखवले. आशिया-आफ्रिकेतील अभ्यासकांसाठी हा निबंध विशेष मोलाचा आहे.

२०१५ पासून ते हार्वर्ड विद्यापीठात आहेत. फिजीतील यासावा बेटावरही त्यांनी दीर्घकाळ क्षेत्रकार्य केले. ‘द सीक्रेट ऑफ अवर सक्सेस’मध्ये त्यांनी सांस्कृतिक उत्क्रांतीचा सिद्धांत मांडला. ‘द वीअर्डेस्ट पीपल इन द वर्ल्ड’ (२०२०) या ग्रंथात पश्चिमी चर्चने नात्यातील विवाहांवर घातलेल्या बंदीला ते युरोपीय मनोघडणीचे मूळ मानतात. इतक्या दूरच्या कारणाचा असा सरळ धागा जुळवणे कितपत योग्य, यावर इतिहासकारांत वाद आहे, आणि खेळांच्या निष्कर्षांइतका भक्कम आधार या मांडणीला अद्याप लाभलेला नाही.