कंदिलाची काच आणि भट्टीतले भांडे

दिवेलागणीच्या आधी कंदिलाची काच पुसायचे काम तुमच्यापैकी पुष्कळांनी लहानपणी केले असेल. आमच्या वाडीत वीज होती, पण पावसाळ्यात ती असून नसल्यासारखीच. म्हणून पडवीत कंदील टांगलेला असे आणि त्याची काच पुसणे माझ्याकडे असे. चुलीतली मऊ राख, जुन्या धोतराचा फडका आणि आजीची एकच ताकीद : ‘‘पेटल्या कंदिलाला पागोळीचं पाणी लागू देऊ नको हो.’’ एकदा मी पेटता कंदील तसाच अंगणात नेला. पागोळीचा एक थेंब काचेवर पडला, टक् असा आवाज झाला आणि वरपासून खालपर्यंत तडा गेला. आत तासभर ज्योत जळत होती तेव्हा जिला काही झाले नाही, ती काच एका थेंबाने गेली.

हे आज आठवायचे कारण निराळे आहे. आम्ही आता लोट्याला राहतो. गेल्या श्रावणात वहिनींनी धोंडस करायचे ठरवले. तवशाचे हे धोंडस आपल्याकडे जाड बुडाच्या पातेल्यात, खाली मंद विस्तव आणि वर झाकणावर निखारे ठेवून भाजतात, हे तुम्हांला सांगायला नको. म्हणजे भट्टीत भाजण्याची विद्या कोकणाला नवी नाही. आपली भट्टीच पातेल्याच्या आकाराची होती, एवढेच! पण घरात नवा विजेचा ओव्हन आलेला, आणि कपाटात आहेरात आलेले काचेचे सुंदर भांडे. धोंडस छान फुलले. वहिनींनी भांडे बाहेर काढून ओट्यावर ठेवले. ओटा नुकताच पुसलेला, ओला. क्षणभराने भांड्याचे तुकडे झाले. एक तुकडा त्यांच्या मनगटाला लागला, आणि मुले ताटल्या घेऊन बसलेली असताना सगळे धोंडस मातीत पुरावे लागले. काच ती, एखादी कणी मुलाच्या घासात गेली असती तर?

घरातल्या सर्वांनी ओव्हनला दोष दिला. वहिनी मात्र म्हणाल्या, ‘‘भाऊजी, ओव्हनात तासभर होतं, तेव्हा नाही फुटलं. ओट्यावर ठेवलं आणि फुटलं.’’ मी इतिहासाचा मास्तर. पण त्यांच्या त्या वाक्याने मला आजीचा कंदील आठवला, आणि मी या काचेचा इतिहास शोधू लागलो.

आधी शास्त्रातली थोडी गोष्ट. काच उष्णतेची चांगली वाहक नाही. तापलेल्या भांड्याला एका बाजूने गार लागले की ती बाजू चटकन आकसते. बाकीचा भाग मात्र अजून फुगलेलाच असतो. या ओढाताणीत काच फाटते. आपल्या खिडकीची, बाटलीची काच वाळू, सोडा आणि चुना यांची. ३० सेंटिमीटर लांबीचे साध्या काचेचे भांडे २०० अंशांनी तापले, तर ते अर्ध्या मिलिमीटरहून थोडे जास्त वाढते. तुम्ही म्हणाल, एवढेसे! पण काचेला तेवढे पुरते. उष्णता सोसणारी जी काच आहे, ती त्याच तापात सुमारे ०.२ मिलिमीटर वाढते. फुगणे कमी, म्हणून ओढाताणही कमी.

ही करामत कशाची? मौज अशी की, ती आपल्या सोनाराच्या डबीतल्या टाकणखाराची आहे. डाग लावताना सोनार जो टाकणखार वापरतो, त्यात बोरॉन नावाचे मूलद्रव्य असते. संस्कृतात याला टंकण म्हणतात, आणि तिबेटातून उतरणारा कच्चा टाकणखार युरोपच्या बाजारात ‘तिंकल’ या नावाने विकला जाई. तो शब्दही टंकणावरूनच गेलेला. हा बोरॉनचा अंश वाळूत घालून, सोडा कमी करून काच करायची, हे जर्मनीतल्या येना गावी ओटो शॉट या रसायनज्ञाने साधले. १८८४ साली तिथे काचेचा कारखाना निघाला आणि १८९३ च्या सुमारास ही काच तयार झाली. तिला बोरोसिलिकेट काच म्हणतात. तिच्यात सुमारे ८० टक्के वाळूचे सत्त्व आणि १२-१३ टक्के बोरॉनचा ऑक्साइड असतो. ही काच सुरुवातीला कशासाठी खपली, ठाऊक आहे? उष्णतामापकांसाठी, प्रयोगशाळांसाठी, आणि गॅसच्या दिव्यांवरच्या नळ्यांसाठी. म्हणजे पुन्हा दिव्याचीच काच!

अमेरिकेतही तोच प्रकार. तिथे रेल्वेच्या सिग्नलचे कंदील पावसात नि बर्फात तडकत. सिग्नलची काच गेली म्हणजे गाडीवर संकट. म्हणून कॉर्निंग येथील काचकारखान्याने न तडकणारी काच तयार केली. तिथल्या जेसी लिटलटन या शास्त्रज्ञाची पत्नी बेसी हिचे भाजायचे भांडे १९१३ साली तडकले. नवऱ्याने कारखान्यातून त्याच काचेच्या बॅटरीच्या बरणीचे कापलेले बूड घरी आणले, आणि बाईंनी त्यात केक भाजला. केक एकसारखा भाजला गेला आणि भांडे शाबूत राहिले. मात्र त्या काचेत शिसे होते. स्वयंपाकासाठी शिशावाचून निराळी काच करावी लागली. १९१५ साली ती पायरेक्स या नावाने बाजारात आली. रेल्वेच्या कंदिलाने स्वयंपाकघरात पाऊल टाकले ते असे, आणि ते एका गृहिणीच्या फुटलेल्या भांड्यामुळे.

आपल्या महाराष्ट्रातही काचेचा धंदा राष्ट्रकार्य म्हणूनच उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून वर्षाला एक पैसा मागून पैसा फंड उभारला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. त्या पैशांतून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना निघाला. परदेशात काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे शिकवायला आले, आणि त्या कारखान्यात शिकलेले कारागीर पुढे देशभर पसरले. गावोगावच्या पैशापैशाने काच शिकवणारी शाळा उघडावी, हे मला अजूनही अद्भुत वाटते. पुढे १९१६ साली ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ, तेव्हाच्या औंध संस्थानच्या हद्दीत, आपला कारखाना काढला. ती ओगलेवाडी, आणि तिथला ‘प्रभाकर’ कंदील. आमच्या पडवीत होता तो हाच. हा कारखाना पुढे बंद पडला, तरी कोकणात अजून कित्येक माळ्यांवर प्रभाकर सापडेल.

पण भट्टीत घालायची काच आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर होऊ लागली ती बरीच उशिरा. १९६२ साली मुंबईत, त्याच कॉर्निंगच्या सहकार्याने, प्रयोगशाळेच्या काचसामानाचा कारखाना सुरू झाला. तोच पुढे बोरोसिल या नावाने ओळखला जाऊ लागला. आधी चंचुपात्रे, मग स्वयंपाकाची भांडी. आज आपण कोणत्याही अशा भांड्याला सर्रास ‘बोरोसिल’ म्हणतो, आणि नेमका घोटाळा इथेच होतो.

आमच्या लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. तिथल्या एका प्रयोगशाळेत माझा जुना विद्यार्थी नोकरीला आहे. फुटलेल्या भांड्याचा तुकडा त्याला दाखवला. त्याने तो कडेने उजेडाकडे धरला आणि म्हणाला, ‘‘सर, हिरवट झाक बघा. ही साधी काच. वाढायची आहे, भाजायची नाही.’’ मग त्याने मला दोन-तीन गोष्टी सांगितल्या, त्या तुम्हांलाही सांगतो.

भांडे घेताना त्याच्यावर किंवा खोक्यावर ‘बोरोसिलिकेट’ हा शब्द आणि ओव्हनमध्ये चालते असा उल्लेख आहे का, ते वाचा. नुसते प्रसिद्ध नाव पुरे नाही. एकाच नावाने काही देशांत बोरोसिलिकेट तर काही देशांत टफन्ड, म्हणजे तापवून एकदम गार करून कडक केलेली, साधी काच विकली जाते. टफन्ड काच पडली तरी सहजी फुटत नाही. मात्र उष्णतेचा झटका सोसण्यात ती बोरोसिलिकेटच्या मागे. दुधासारख्या पांढऱ्या काचेच्या ताटल्या निराळ्याच, त्या वाढण्यासाठी. जाड भांडे म्हणजे मजबूत, हा आपला समज तर अगदी उलटा. काच जितकी जाड, तितका आतल्या-बाहेरच्या तापात फरक जास्त. जुनी चरे पडलेली भांडी भट्टीत घालू नयेत, कारण तडा चऱ्यापासून सुरू होतो. म्हणून तारेची घासणी बंद! आजीची राख कंदिलाला ठीक होती. या भांड्याला मऊ कापडच.

बोरोसिलिकेट झाली तरी ती काचच. फ्रीजमधून काढून थेट तापल्या ओव्हनात नको, गॅसच्या ज्योतीवर नको, आणि धोंडसाच्या हौसेने झाकणावर निखारे तर मुळीच नकोत. बाहेर काढल्यावर कोरड्या लाकडी पाटावर किंवा घडी घातलेल्या कोरड्या फडक्यावर ठेवावे.

शिक्षकबंधूंसाठी एक गंमत राहिली. शाळेच्या प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काचेची कांडी आणि साध्या काचेची कांडी घ्या. दोन्ही स्वच्छ ग्लिसरीनच्या किंवा गोड्या तेलाच्या पेल्यात बुडवा. साधी कांडी तेलात दिसत राहते. बोरोसिलिकेटची जवळजवळ दिसेनाशी होते. कारण तिच्यातून आणि तेलातून प्रकाश साधारण सारखाच वळतो. मुले टाळ्या पिटतात, आणि मग टाकणखाराची गोष्ट सांगायला वेळ मिळतो.

वहिनींनी नवे भांडे घेतले. चिपळूणच्या दुकानात त्यांनी खोके दोनदा वाचून घेतले, दुकानदार कंटाळेपर्यंत. त्यात त्या पाव भाजतात, भाताचे प्रकार करतात. धोंडस मात्र पुन्हा जुन्या पातेल्यात, निखाऱ्यांवर होते. त्याच्या बुडाला जी खरपुडी धरते, ती काचेत धरत नाही म्हणतात.