परतीचं भाडं कुणाकडे?

परवा जुन्नरच्या बाजारात एका बापाने विचारलं, "चोवीस वर्षांची पोरगी कुवेतला घरकामाला पाठवू का? एजंट सगळं बघतोय."

आपल्या जुन्नर-आंबेगावची माणसं पिढ्यानपिढ्या घाट उतरून मुंबईला गेली. कुणी डबे वाहिले, कुणी शेटच्या घरी भांडी घासली. पण यात्रेला गावी परत येता यायचं.

त्याच मुंबई बंदरातून इंग्रजी अमलात आया बोटीने विलायतेला गेल्या, साहेबाची पोरं सांभाळत. तिथे उतरल्यावर काहींना वाऱ्यावर सोडलं, परतीचं भाडंही दिलं नाही. अशा बायांच्या आसऱ्याचं 'आयांचं घर' 1900 साली लंडनच्या हॅकनी भागात आलं. 2022 मध्ये त्यावर निळी स्मृतिपाटी लागली. बहुतेक बायांची नावं मात्र हरवलीच.

त्या बापाला मी एवढंच म्हणालो: लेखी करार बघा, एजंटची सरकारी नोंदणी बघा. ईसीआर पासपोर्टवर तिशीच्या आतल्या बाईला आखातात घरकामासाठी परवानगीच मिळत नाही. "व्हिजिट व्हिसावर नेतो" म्हणणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा.

पोटासाठी जाणं कमीपणाचं नाही. पण परतीची वाट आधी बघा, मग पोरीची बॅग भरा.