नाणेघाट ते नारायणगाव : डोंगरमाथ्यावरच्या द्राक्षमद्याची हकीकत

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे निघालेली एस.टी. टोकावडे मागे टाकते, तेव्हा उजव्या हाताला सह्याद्रीच्या भिंतीतून वर आलेला एक कडा दिसू लागतो. लोक त्याला नानाचा अंगठा म्हणतात. त्याच्या बगलेतून जी वाट वर चढते ती नाणेघाट. आमच्या अंबरनाथ-आनंदनगरच्या कारखान्यांत जुन्नर तालुक्याकडची पुष्कळ मंडळी कामाला आहेत. शिमग्याला, जत्रेला ती याच अंगाने गावी जातात. दोन हजार वर्षांपूर्वी परदेशच्या व्यापाराचा माल ही वाट चढून वर जात असे. त्या व्यापारात द्राक्षाचे मद्यही होते. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच घाटमाथ्यावरचे द्राक्षमद्य खाली उतरून परदेशी गेले. या दोन प्रवासांची हकीकत आज सांगावयाची आहे.

कामगार संघटनेचा माणूस दारूवर बोलायला उभा राहिला म्हणजे तो दारूबंदीवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत होते. मी स्वतः घेत नाही. घेणाऱ्यांना पगाराच्या रात्री घरी पोहोचविण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे त्या बाजूने मला कोणी शिकवावे असे काही उरलेले नाही. परंतु द्राक्षाचे मद्य हा आधी शेतीचा धंदा आहे, मग कारखान्याचा, आणि जिथे शेत व कारखाना आहे तिथे मजुरी आलीच. मी या विषयाकडे वळलो तो त्या दाराने.

प्रथम जुनी गोष्ट. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. तिला 'पेरिप्लस' म्हणतात. भडोच बंदरात कोणता माल उतरतो हे सांगताना तो मद्याला अग्रस्थान देतो, आणि इटलीचे मद्य सर्वांत पसंत, त्याखालोखाल लाओदिकियाचे व अरबस्तानचे, असे बजावतो. आमच्या कल्याणचा उल्लेख त्यात 'कल्लिएन' म्हणून आहे. पूर्वी हे कायदेशीर व्यापाराचे बंदर होते, पण आता इथे आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जातात, अशी त्याची तक्रार आहे. बंदर चालू ठेवायचे की बंद पाडायचे हे सत्तेवर बसलेला ठरवतो आणि हमाल उपाशी राहतो, ही गोष्ट त्या काळीही नवी नसावी.

हे मद्य दोन कानांच्या, निमुळत्या बुडाच्या मातीच्या घड्यांतून येई. घड्याला आतून डांबरासारखा लेप असे. त्यांना आज अँफोरा म्हणतात. नेवाशाला डॉ. सांकलियांनी १९५४ ते १९५६ च्या दरम्यान उत्खनन केले, तेव्हा अशा घड्यांची खापरे तिथे सापडली. म्हणजे हा माल किनाऱ्यावर संपत नव्हता, घाट चढून गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत जात होता. कल्याणहून वर जायचा जवळचा मार्ग नाणेघाटाचा. घाटमाथ्याच्या लेण्यात सातवाहनांच्या राणी नागनिकेचा मोठा लेख कोरलेला आहे. किती यज्ञ केले, किती गाई आणि किती नाणी दक्षिणा दिली, याचा त्यात आकडेवार हिशेब आहे. बाहेर एक दगडी रांजण आहे. तो जकातीचा, अशी परंपरा सांगते. तिथून खाली जुन्नर, आणि जुन्नरच्या लेण्यांत तर तीन यवन दात्यांची नावे आहेत. त्यांतल्या इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दान दिली. जिथले मद्य जगभर जाई त्या बाजूच्या माणसाने आमच्या डोंगरात पाणी ठेवले, ही गोष्ट मला तरी फार गोड वाटते.

मद्य बाहेरून आले म्हणजे द्राक्ष इथे नव्हते असे मात्र नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला, तेव्हा त्याने तिथल्या द्राक्षांचा आणि डाळिंबांचा उल्लेख केला आणि त्यांना वर्षातून दोनदा बहर येतो असे लिहिले. आमच्या हवामानाची खोड त्याने बरोबर हेरली होती. युरोपात थंडीने वेल झोपतो, पाने गाळतो आणि वसंतात जागा होतो. दख्खनच्या पठारावर त्याला झोपच नाही. त्याला मोकळा सोडला तर पावसाळ्यात घड धरून केवडा आणि भुरीने सगळी बाग नासेल. म्हणून आपला बागाईतदार वेलाला कात्रीने शिस्त लावतो : एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून नव्या काड्या तयार होतात, ऑक्टोबरात गोडी छाटणी, तिच्यातून फळ येते. घड पिकतात ते जानेवारी ते मार्चच्या कोरड्या दिवसांत. निसर्गाने दिलेली सुटी काढून घेऊन माल सोयीच्या वेळी बाहेर काढायचा, ही युक्ती पाहून मला आमच्या रात्रपाळ्या आठवल्या.

नारायणगाव जुन्नर तालुक्यात, पुणे-नाशिक रस्त्यावर, मीना नदीच्या काठी आहे. महाराष्ट्राला ते विठाबाईंच्या तमाशामुळे ठाऊक. समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंच, सह्याद्रीच्या पूर्व उतारावर. नाणेघाटाच्या माथ्यावर पाऊस कोसळतो तेव्हा इकडे मोजका पडतो, आणि हिवाळ्यात दिवसा ऊन व रात्री चांगला गारठा असतो. मद्याच्या द्राक्षाला नेमके हेच लागते : उन्हाने साखर भरते, गारठ्याने आंबटपणा टिकतो. नुसत्या गोड रसाचे मद्य बेचव होते.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला शामराव चौगुले या उद्योजकाने येथे फ्रेंच पद्धतीचे फेसाळ मद्य करण्याचा घाट घातला. फ्रान्समधील शॅम्पेन प्रांतातल्या पायपर-हाइडसीक या जुन्या पेढीचे तांत्रिक साहाय्य त्यांनी मिळविले. कंपनीचे नाव ठेवले शॅम्पेन इंडिया, पुढे शॅम्पेन इंडेज. शॅम्पेन हे नाव त्या प्रांताबाहेरच्या मालाला लावू नये असा फ्रेंचांचा कटाक्ष असल्यामुळे बाटलीवर मात्र दुसरे नाव आले : ओमर खय्याम. निवड मोठी चतुर होती. साहेबाला खय्याम फिट्झजेराल्डमुळे माहीत, आणि आपल्याकडे माधव जूलियनांनी त्याच्या रुबाया मूळ फारसीवरून मराठीत आणलेल्या. नारायणगावची बाटली याच नावाने इंग्लंड-फ्रान्सच्या दुकानांत गेली. मायदेशी मार्कीज द पाँपादूर, आणि साध्या मद्यांत रिव्हिएरा, शांतिली अशी नावे आली. ही नावे वाचून द्राक्ष जुन्नरचे आहे अशी शंकाही कोणाला येऊ नये. आणि तोच हेतू असावा!

हा माल तयार होतो कसा, ते सांगतो, कारण त्यात हातकाम फार आहे. शार्दोने, पिनो न्वार, उन्यी ब्लाँ अशा जातींच्या द्राक्षांचा रस आंबवून प्रथम साधे मद्य करतात. मग ते बाटलीत भरून त्यात थोडी साखर आणि यीस्ट घालतात व बूच बंद करतात. बाटलीत पुन्हा आंबवण सुरू होते. जो वायू निघतो त्याला बाहेर जायला वाट नाही, म्हणून तो मद्यातच विरतो. दाब इतका चढतो, मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दुप्पटीहून अधिक, की जाड काचेची बाटली लागते. गाळ खाली बसतो. मग बाटल्या तोंड खाली करून फळ्यांच्या भोकांत खोचतात, आणि कामगार रोज प्रत्येक बाटलीला थोडा पिळा देतो, जेणेकरून गाळ घसरत बुचाशी येतो. शेवटी मान गोठवून बूच काढले की गाळाचा बर्फ दाबाने उडून जातो. फ्रान्समध्ये हे थंडगार तळघरांत चालते. इथे मार्चच्या उन्हात द्राक्ष येते, म्हणजे पहिल्या दिवसापासून शीतयंत्र चालू ठेवावे लागते. वीज गेली की माल धोक्यात.

नारायणगावचे यश पाहून इतरही पुढे आले. कर्नाटकात नंदीच्या डोंगराजवळ कंवल ग्रोव्हर यांनी बाग लावली, नाशिकला राजीव सामंत यांच्या सुलाचे पहिले मद्य २००० साली बाहेर पडले. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून वाइनला उत्पादनशुल्कातून सवलत दिली. विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क झाले. शेतकऱ्याच्या मालाला गिऱ्हाईक मिळावे हा हेतू, आणि त्यात वावगे काही नाही. पण एक शेरा मारल्याशिवाय राहवत नाही. १८९२ साली इंग्रज सरकारने मोहाच्या फुलांवर कायदा केला, तो आपल्याच ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या आदिवासींच्या घरगुती मद्यावर नजर ठेवून. मोहाच्या फुलाला पोलीस आणि द्राक्षाच्या घडाला सवलत, असा हा शंभर वर्षांचा प्रवास आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा तर राज्यात अजून जिवंत आहे, आणि पिणाऱ्याला कागदोपत्री परवाना लागतो! २०२२ साली मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने केला, तेव्हा केवढा गदारोळ झाला तो सर्वांना आठवत असेल.

इंडेजचे पुढे काय झाले? कंपनी वाढली, शेअर बाजारात गाजली, ऑस्ट्रेलियातील वाइनरी आणि इंग्लंडमधील वितरणाचा धंदा तिने कर्ज काढून घेतला. नाव बदलून इंडेज व्हिंटनर्स झाले. २००८ साली जगभर मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली आणि वाइनचा खप एकदम बसला. देणी थकली, धनको न्यायालयात गेले, आणि पुढच्या काही वर्षांत मुंबई उच्च न्यायालयाने कंपनी गुंडाळण्याचा हुकूम दिला. त्याच सुमारास नाशिककडेही मद्याची टाकी भरलेली आणि द्राक्ष उचलायला कोणी नाही अशी स्थिती झाली. खायच्या द्राक्षाला एक गिऱ्हाईक गेले तर दुसरे मिळते. मद्याचे द्राक्ष बारीक मण्यांचे, जाड सालीचे, बियांनी भरलेले. ते हातगाडीवर कोण घेणार? कित्येक शेतकऱ्यांनी चालू बागा उपटून टाकल्या. वेल धरायला तीन वर्षे लागतात, उपटायला एक सकाळ.

कंपनी गुंडाळली जाते म्हणजे काय, हे कारखान्याच्या गावात राहणाऱ्यांना समजावून सांगायला नको. पण त्यातील कायद्याचा भाग सांगतो. १९८२ सालच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल टेक्स्टाइल वर्कर्स युनियनच्या खटल्यात निर्णय दिला की कंपनी बुडविण्याच्या अर्जात कामगाराचेही म्हणणे ऐकले पाहिजे. तोपर्यंत तिथे भांडवल लावणारे आणि कर्ज देणारेच बोलत. ज्याने आयुष्य लावले तो दाराबाहेर. १९८५ साली कंपनी कायद्यात ५२९-अ हे कलम आले, आणि कामगारांची देणी तारण धरणाऱ्या बँकेच्या बरोबरीने, एकाच रांगेत उभी राहिली. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने त्या रांगेला चोवीस महिन्यांच्या देण्यांची मर्यादा घातली. हे कलम मिळाले तेव्हा आमच्या जुन्या पुढाऱ्यांनी पेढे वाटले होते, असे ऐकतो. रांगेत जागा मिळाली हे खरे, पण रांग सरकते केव्हा? आमच्या भागातल्या एका बंद कारखान्याच्या कामगारांची यादी मी स्वतः केली होती. पहिली रक्कम हातात पडेपर्यंत त्या यादीतली बरीच नावे खोडून तिथे वारसांची नावे लिहावी लागली.

आणि हे झाले मस्टरवर नाव असणाऱ्यांचे. द्राक्षबागेत नाव कोणाचे असते? पश्चिम जुन्नरच्या डोंगरातले महादेव कोळी आणि ठाकर, नाशिककडे पेठ-सुरगाण्याचे आदिवासी, टोळीने येऊन छाटणी करतात, विरळणी करतात, घड उतरवतात. उचल मुकादमाकडून, हजेरी मुकादमाच्या वहीत. ती वही म्हणजेच त्यांचा पुरावा. लिक्विडेटरच्या यादीत तिला स्थान नाही.

काही वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नासाठी मी नारायणगावच्या बाजूला गेलो होतो. दुपारी बांधावर एक वयस्कर बाई भेटली. ऐन उमेदीत तिने कोणा एकाच्या मद्याच्या द्राक्षबागेत कात्री चालवली होती. कोणाच्या, ते तिला नीट सांगता येईना. मी विचारले, "मावशी, ती द्राक्षं कशी होती खायला?"

"खायला कशाची, भाऊ! गोड असायची, पन नुसत्या बिया. पोरंसुद्धा चोरीत नव्हती."

शेवटच्या हंगामाचे पैसे राहिले ते राहिलेच, असे ती म्हणाली. माझी जुनी सवय. मी लगेच हजेरीची वही कुठे असेल ते विचारले. मुकादम वारला, आणि वही त्याच्या घरच्यांनी चुलीत घातली असेल, असे तिने सांगितले. मग पदर खोचून ती क्रेट भरायला निघून गेली. टोमॅटोचे दिवस होते, आणि नारायणगावच्या बाजारात त्या आठवड्यात भाव चांगला होता.